चौघांचा हार्वेस्टर

शनिवार, २९ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. यंदाचं काम मोठं आहे आणि मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. दाखवायची कोणालाच नाही.

सकाळी नाश्त्याला टेसाने जाहीर केलं की ती आता बारा वर्षांची आहे. हे आम्हाला माहीत होतं, केक आम्हीच आणला होता. पुढचं माहीत नव्हतं. यंदा तीस ऑक्टोबरला ती आमच्याबरोबर नाही, पेटन आणि तिच्या कंपूबरोबर दारोदार हिंडणार म्हणे.

आमच्या दे मॉईन शहरात हॅलोविन तीसलाच उरकतात. बेगर्स नाइट. संध्याकाळी सहा ते आठ. पोरांनी सोंग घेऊन दार वाजवायचं, एक जोक सांगायचा, मग चॉकलेट. बाकीचा देश एकतीसला निघतो आणि जोकबिक न सांगता फुकट घेतो. असो. ज्याचे त्याचे संस्कार.

अकरा वर्षं मी टेसाबरोबर हिंडलोय. पहिल्या वर्षी ती माझ्या पोटाशी बांधलेली होती, झोपली होती, आणि तिच्या वतीने जोक मी सांगितला होता. आणि आता पेटन.

मी शांतपणे म्हणालो, यंदा चौघांचं मिळून एकच सोंग, घरी बनवलेलं, गल्लीने तोंडात बोट घालावं असं. टेसा म्हणाली, "बघू."

'नाही' म्हणाली नाही. म्हणजे प्रश्न फक्त दर्जाचा आहे. दर्जा हे माझं क्षेत्र आहे. सतरा वर्षं विमा कंपनीत लोकांच्या घरांची जोखीम तपासतोय.

रविवार, ३० सप्टेंबर

ठरलं. मक्याचा हार्वेस्टर. आयोवात राहून दुसरं काय करायचं? शिवाय सासरे शेतकरी. त्यांनाही एकदा कळू दे की जावयाला शेतीतलं कळतं.

वाटप: टेसा केबिनमध्ये, ड्रायव्हर. मानाची जागा. मी पोटात, सगळा भार खांद्यावर. गस पुढे, मक्याचं कणीस, म्हणजे कापला जाणारा. जोलीन मागे, जिथून भुसा उडतो तिथे.

जोलीन म्हणाली, लग्नाला चौदा वर्षं झाली आणि मला यंत्राची मागची बाजू मिळाली. मी म्हणालो, भुसा उडाल्याशिवाय हार्वेस्टर ओळखू येत नाही, तुझ्यावर सगळं अवलंबून आहे. ती हसली. उत्साह आहे.

गसला शार्क व्हायचंय. त्याला समजावलं की आयोवात शार्क नसतात. तो म्हणाला, चार माणसांचे हार्वेस्टरही नसतात. सात वर्षांचा आहे. आईवर गेलाय.

बुधवार, ३ ऑक्टोबर

संकल्प.
एक, दुकानातलं प्लास्टिक यंदा घरात येणार नाही.
दोन, ऑफिसमधून आल्यावर रोज एक तास हार्वेस्टर.
तीन, जोलीनकडे मदत मागायची नाही. तिला संधी द्यायची.

आज एक तास झाला नाही. पण मोठे खोके मिळाले. दोन फ्रीजचे, एक कपडे वाळवायच्या मशीनचा. ते गॅरेजमध्ये ठेवून त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. हेही काम आहे.

शनिवार, ६ ऑक्टोबर

आज सजावट. अकरा भोपळे आणले आणि आजच्या आज कोरले. गल्लीत अजून एकाही दारात कोरलेला भोपळा नाही. आळशी लोक.

सासऱ्यांचा फोन आला. त्यांना कौतुकाने सांगितलं. आर्लोसाहेब म्हणाले, "जावईबापू, साडेतीन आठवडे आधी कोरलेत? तीस तारखेपर्यंत सगळ्यांची बोळकी होतील."

चांगलं काम आधी करणाऱ्याला हे ऐकावंच लागतं.

रविवार, ७ ऑक्टोबर

मक्याची ताटं पडवीच्या खांबांना बांधली. मग गावाबाहेरच्या शेतावरून पायऱ्यांवर सजावटीला मांडायला काडाचे सहा गठ्ठे आणले. तिथे गंमत बघितली. सगळे लोक आपले वाळकं, पिवळं, निर्जीव काड उचलत होते. बाजूलाच हिरवट, मऊ, सुंदर वासाचे गठ्ठे पडलेले, आणि तिकडे कोणी बघेना. मी तेच उचलले. शेतकऱ्याने विचारलं, किती जनावरं आहेत? मी म्हणालो, दोन मुलं आहेत. त्याने गठ्ठे गाडीत चढवून दिले. नजर असावी लागते.

गुरुवार, ११ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

पायऱ्यांवर तीन हरणं. शांत उभी, धुक्यात. आमची सजावट इतकी अस्सल झालीय की प्रत्यक्ष निसर्ग बघायला आला. टेसाला उठवलं. तिने खिडकीतून फोटो काढला आणि लगेच पेटनला पाठवला. घराचा अभिमान वाटू लागलाय तिला.

शनिवार, १३ ऑक्टोबर

नऊ हरणं. सहापैकी दोन गठ्ठे उरले. भोपळे अकरावरून तीन. त्या तीनपैकी एक मागून खाल्लाय, पण रस्त्यावरून कळत नाही, तोंड तिकडे केलंय.

टेसाचा फोटो तिच्या आजोबांपर्यंत पोचला. त्यांचा फोन. ते गठ्ठे काडाचे नव्हते म्हणे, चाऱ्याचे होते. काड गुरांच्या अंगाखाली घालतात, चारा गुरांच्या पुढ्यात घालतात, हे त्यांच्या गावात तीन वर्षांच्या पोराला कळतं म्हणे.

"जावईबापू, दारात पंगत मांडलीत, वर भोपळ्याची कोशिंबीर ठेवलीत. आता पाहुणे जेवून गेले तर रागावता कशाला?"

मी रागावलो नव्हतो. मी त्यांना विचारलं की हरणं काड खात नाहीत याचा पुरावा काय. फोन जोलीनकडे गेला. ती पलीकडच्या खोलीत जाऊन बराच वेळ हसत होती. बापलेकींचं जमतं ते बरंच आहे.

माझं आणि टेसाचंही तसंच राहावं, एवढंच मला हवंय. ती चाळीस वर्षांची झाल्यावर मला फोन करून माझ्या जावयावर हसली पाहिजे.

रविवार, १४ ऑक्टोबर

हार्वेस्टरचा सांगाडा पूर्ण. रंग लाल. लाल रंग लांबून उठून दिसतो, संध्याकाळच्या वेळी सुरक्षित. जोखीम तपासणारा माणूस असाच विचार करतो.

गसच्या जोकची तयारी सुरू केली. मीच लिहून दिला. एक शेतकरी आपल्या गोठ्याचा विमा उतरवायला जातो. घड्याळ लावलं, चार मिनिटं दहा सेकंद. थोडा आखूड करावा लागेल. गसने स्वतःचा एक केलाय: कोंबडी रस्त्याच्या मधेच का थांबली? दमली. एवढाच. आणि स्वतःच लोळून हसतो. त्याला म्हटलं, यात रचना नाही.

बुधवार, १७ ऑक्टोबर

गसचा पोशाख. खरी कणसं सोलून खरी पानं जुन्या स्वेटरवर चिकटवली. कागद नाही, कापड नाही. गसला घातला, आरशासमोर उभा केला. हुबेहूब कणीस. मग पानांतून किडे निघाले. शेपटीला चिमटा असलेले. बरेच.

गस किंचाळत परसात पळाला आणि सगळे कपडे काढून उभा राहिला. शेजारच्या ऑस्टबीबाई कुत्र्याला फिरवत होत्या. त्यांनी चौकशी केली. मी सांगितलं, मका आहे.

गसने राजीनामा दिला. तो शार्क होणार. गेल्या वर्षीचा शार्कचा नाइटसूट आहे, कंबरेपाशी घट्ट होतो. जोलीनने आधीच धुऊन इस्त्री करून ठेवला होता. हिला कसं कळलं?

टेसाला विचारलं, केबिनला काच म्हणून पारदर्शक कागद लावू का? ती म्हणाली, तुमच्या मनाला येईल ते करा. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

शनिवार, २० ऑक्टोबर

आर्लोसाहेब आले. गॅरेजचं दार वर केलं. मी बाजूला उभा राहिलो, त्यांना नीट बघता यावं म्हणून.

त्यांनी टोपी काढली. कोणी गेलं की काढतात तशी.

"जावईबापू, हे काय आहे?"

"हार्वेस्टर."

"लाल?"

नंतर सावकाश सांगू लागले. त्यांच्या आजोबांपासून घरात एकाच कंपनीची हिरवी यंत्रं. वडिलांचं हिरवं. त्यांचं हिरवं. जोलीनचा पाळणा हिरव्या ट्रॅक्टरच्या सावलीत टांगलेला. त्यांच्या एका चुलतभावाने एका साली दुसऱ्या कंपनीचं लाल मशीन आणलं. "त्याचं नाव आम्ही घेत नाही," म्हणाले.

मी म्हणालो, हा पुठ्ठा आहे. ते म्हणाले, सुरुवात पुठ्ठ्यापासूनच होते.

जाताना गाडीत बसून काच खाली केली आणि सांगितलं, "सगळी सोंगं आणता येतात, जावईबापू. शेतकऱ्याचं आणता येत नाही."

टेसा हे सगळं पायरीवर बसून ऐकत होती. तिला हसू आवरत नव्हतं. आजोबा आवडतात तिला. हिरवा करावा लागेल.

रविवार, २१ ऑक्टोबर

हिरवा केला. लालवर एक हात, मग दुसरा. लाल पुरता वाळला नव्हता, हे नंतर कळलं. झालेला रंग सांगणं अवघड आहे. हिरवा नाही, लालही नाही. गस म्हणाला, बाळाच्या लंगोटातला. जोलीन म्हणाली, निदान तिच्या भागाला तरी आता योग्य रंग आला.

पुठ्ठा जरा मऊ पडलाय. लवचीकपणा वाढला म्हणायचा.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

जोलीन गळाली. कारण: घरी कोणीतरी हवं, दारात येणाऱ्या पोरांना चॉकलेटं कोण देणार? मी म्हणालो, पायरीवर टोपलं ठेवू. ती म्हणाली, म्हणजे हरणांना.

चौघांतले दोन गेले. पण वजन कमी झालं. मागचा खोका कापून टाकला. आता आटोपशीर दिसतो. पोटात मी, केबिनमध्ये टेसा. खरं म्हणजे मुळात एवढंच हवं होतं.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

आज चाचणी. टेसा केबिनमध्ये बसायला तयार झाली. अट एकच: गॅरेजचं दार खाली हवं. बाहेर गारठा होता, बरोबर आहे.

पट्टे खांद्यावर घेतले. ती पुढे, मी मागे पोटात. डीप फ्रीजपासून गवत कापायच्या मशीनपर्यंत चाललो आणि वळून परत. वळताना पुढचा भाग शिडीला लागला आणि शिडी पडली. टेसा हसली. खोटं नाही, चांगलं पोट धरून. मी पुठ्ठ्यात होतो, तिचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज अगदी ती चार वर्षांची असतानाचा. मग आम्ही आणखी दोन फेऱ्या मारल्या, गरज नव्हती तरी.

मग ती म्हणाली, "बाबा, मंगळवारी ना..."

मी म्हणालो, थांब, डावा पट्टा सैल आहे. पट्टा सैल नव्हता. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

रविवार, २८ ऑक्टोबर

शेवटची मोजमापं. हार्वेस्टरचं पुढचं तोंड, म्हणजे मक्याच्या रांगा आत ओढणारी शिंगं, सात फूट रुंद. फुटपाथ चार फूट. राहिलेले तीन फूट लोकांच्या हिरवळीवरून जातील. लोक समजून घेतील. घरांच्या पायऱ्यांचे कठडे मोजायचे राहिले.

उरलेल्या तीन भोपळ्यांची बोळकी झाली. एकाने सकाळी आपला चेहरा स्वतःच्या पोटात घेतला. आर्लोसाहेबांना कळवायची गरज नाही.

सोमवार, २९ ऑक्टोबर

उद्या पावसाचा अंदाज. तपासला. जोखीम: किरकोळ. असल्या अंदाजांचं काय होतं ते मी सतरा वर्षं बघतोय.

जेवणानंतर जोलीनने भांडी ठेवता ठेवता सांगितलं, "टेसा पेटनबरोबर जातेय. तिने तीनदा सांगायचा प्रयत्न केला. तू दर वेळी पट्टा घट्ट करायला घेतोस."

मी म्हणालो, तिने पूर्ण झालेला हार्वेस्टर अजून बघितलेला नाही. जोलीन म्हणाली, लोवेल, तिने तो रोज बघितलाय, ती इथेच राहते.

आज जास्तीचा एक तास दिला. केबिनला पडदा लावला. आतला माणूस बाहेरून दिसणार नाही. कोणाला संकोच वाटत असेल तर.

मंगळवार, ३० ऑक्टोबर, दुपारी ४.००

ऑफिसमधून लवकर आलो. ढग आहेत, पण उंच आहेत.

५.३०

टेसा खाली आली. डोक्याला मांजराचे कान, गालांवर पेन्सिलीने तीन तीन मिश्या. झालं सोंग. दारात पेटन आणि आणखी दोघी, सगळ्यांना तेच कान. चार मांजरी. एवढंच करायचं होतं तर महिनाभर कशाला हवा?

मी पडदा दाखवला. म्हणालो, बाहेरून कोणी दिसत नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, छान शिवलाय बाबा, आणि गेली. पाऊस सुरू झाला.

५.५०

निघालो. मी आणि गस. जोलीनने विचारलं, खरंच जायचंय? मी म्हणालो, महिन्याभराचं काम आहे. आणि आम्ही हिंडताना टेसा वाटेत भेटणारच. तिला दिसलं पाहिजे.

संध्याकाळी ८.२०

घटनाक्रम. पहिलं घर, ऑस्टबीबाईंचं. गस पुढे गेला, दार वाजवलं. मी मागोमाग. तोंड सात फूट, कठड्यांमधली वाट साडेतीन. शिंगं अडकली. मागे सरलो तर पुठ्ठा तिथेच राहिला आणि मी मागे आलो. पावसाने सगळं मेणासारखं मऊ झालं होतं. रंग हातावर, मानेवर, ऑस्टबीबाईंच्या पायऱ्यांवर. गसने त्यांना सांगितलं, कोंबडी दमली. त्या इतक्या हसल्या की त्यांनी त्याला दोन चॉकलेटं दिली. मग त्याला शाळेतला एक मित्र आईबापांसकट भेटला. बाबा, तुम्ही इथेच थांबा हं, असं सांगून शार्क त्यांच्याबरोबर गेला.

पाच घरं नाही, दोन घरं नाही, पाव घर.

६.४० ला घरी. उरलेलं केबिन काखेत. जोलीनने दार उघडलं. तिने टॉवेल दिला, चॉकलेटचं टोपलं दिलं आणि स्वतः गसला शोधायला गेली. मी पडवीत बसलो. येईल त्या पोराला विचारायचं, जोक? ऐकायचं, द्यायचं. एकूण चाळीसेक झाले. दर्जा सुमार.

साडेसातला चार मांजरी आल्या.

आपल्याच दारात कशाला आणलं हिने सगळ्यांना, मला कळलं नाही. पेटन पुढे होती, तीच घेऊन आली असेल. पेटनने जोक सांगितला, बाकीच्या दोघींनी सांगितले. टेसाची पाळी आली. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या कानामागे अजून तो रंग होता. ही माझी मुलगी, असं मी म्हणू शकलो असतो. मी सगळ्यांना विचारलं तसंच विचारलं.

"जोक?"

"हार्वेस्टर चालवायला माणसं किती लागतात?"

"किती?"

"चार. एक आत, तीन लपलेली."

मुली खिदळल्या. मीही हसलो. रचना होती, आखूड होता, आणि शेवटी टोला होता. तिला दोन चॉकलेटं दिली. ती थँक यू म्हणाली, दुकानात म्हणतात तसं. फुटपाथपर्यंत गेल्यावर तिने एकदा मागे बघितलं. मी टोपलं नीट करत होतो.

खूप वाईट वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार?

बुधवार, ३१ ऑक्टोबर

आज बाकीचा देश निघेल. ऑफिसात टीव्हीवर सकाळपासून भुतं आणि चेटकिणी. आमच्याकडे काहीच नाही, आमचं काल झालं. रस्त्यात चॉकलेटचे ओले कागद.

संध्याकाळी गॅरेजमध्ये पुठ्ठे फाडायला घेतले. कचऱ्याची आठवडी गाडी सपाट करून बांधलेलाच पुठ्ठा उचलते. टेसा आली. न सांगता दुसरं टोक धरलं. गालावर एक मिशी अजून पुसट होती. दोघांनी मिळून दोन खोके फाडले.

मग मी विचारलं. रंगामुळे का? की सात फुटांमुळे? लाल असता तर? हे पुढच्या वेळेसाठी नाही, फक्त नोंदीसाठी विचारतोय, असंही म्हणालो.

"चांगला होता बाबा हार्वेस्टर," टेसा म्हणाली. "खरंच. एकदम भारी असता तरी मी गेलेच असते."

मी फाडत राहिलो. महिन्याभरात हे कारण माझ्या यादीत एकदाही आलं नव्हतं.

मग मी तिला सांगितलं की मुख्य म्हणजे पुठ्ठा भिजला. कोरडा असता तर गोष्ट वेगळी होती.

तिने हातातला तुकडा गठ्ठ्यावर ठेवला. "हो बाबा," म्हणाली. "पाऊसच फार होता."

आणि मी दोरी बांधेपर्यंत गठ्ठ्यावर गुडघा दाबून उभी राहिली.